मूठभर करडीचा वास

वालूरच्या लिंगराज आप्पांचा कुणावरच भरवसा नव्हता. दूधवाला पाणी घालतो असं सगळं गाव म्हणतं. आप्पा म्हणायचे, पाणीच घालतो कशावरून? एसटी वेळेवर आली की ते ड्रायव्हरकडे संशयानं बघायचे. रस्त्यात कुणी ‘शरणार्थ आप्पा’ म्हणून हात जोडले तर तेही जोडायचे, पण दहा पावलं गेल्यावर थांबून मागे वळायचे. आज ह्याचं आपल्याकडे काय काम निघालं असेल?

माणूस जन्मतः असा नव्हता. शक करायची ही खोड त्यांना साठीच्या तोंडावर जडली, आणि तिला कारण होतं. ते कारण आपल्याशिवाय कुणालाच माहीत नाही, अशी आप्पांची समजूत होती.

आप्पांचा करडीचं तेल काढायचा लाकडी घाणा होता. आजोबांच्या वेळी बैल फिरायचा, आता मोटार फिरवते, एवढाच फरक. आसपासच्या गावांतली माणसं आपल्या रानातली करडी पोत्यात भरून आणायची, घाण्यापाशी बसून राहायची आणि आपल्याच करडीचं तेल, आपलीच पेंड घेऊन घरी जायची. विकतच्या डब्यावर ज्याचा विश्वास नाही, तो आप्पांकडे यायचा. आणि घाण्याची एक रीत होती. पोतं उघडलं की आप्पा मूठभर करडी घ्यायचे, अंगठ्यानं तळहातावर चुरडायचे, नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटायचे. मग एकच शब्द. ‘घाल’ म्हणाले तर करडी उखळात. मान हलवली तर पोतं परत, मग तो कितीही मोठा बागायतदार असो. कारण लाकूड वास धरतं. एक कुबट पोतं उखळात गेलं तर पुढच्या दहा घरांच्या तेलाला तो वास लागतो. आप्पांनी हुंगून ‘घाल’ म्हटलं की डोळे झाकून खावं, असं थेट बोरीपर्यंतचे लोक म्हणायचे.

दुसऱ्या लाटेत आप्पांना करोना झाला. तेरा दिवस खाटेवर काढून उठले, अंघोळ केली, लिंगपूजेला बसले. समोर धूप जळत होता आणि आप्पांना नुसता धूर दिसत होता. वाटलं, येईल आठ दिवसांत. आठ दिवसांचा महिना झाला, महिन्याचं वर्ष झालं. बायकोला ‘दाढ दुखायलीय’ असं सांगून ते परभणीला डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, काहींचा वास परत येतो, काहींचा येत नाही. आपण कोणत्या काहींतले, हे कळायला आप्पांना चार वर्षं पुष्कळ झाली.

आता हे सांगायचं कुणाला? आवाज गेलेला भजनी एक वेळ टाळ वाजवील. नाक गेलेल्या घाणेवाल्यानं काय करायचं? बातमी फुटली तर दुसऱ्या दिवसापासून दारात एक पोतं येणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. तीन पिढ्यांचा घाणा आपल्या नाकापायी बंद पडणार, ह्या भीतीनं त्यांना घास गोड लागेना. म्हणून त्यांनी रीत तशीच चालू ठेवली. मूठ, अंगठा, नाक, मिटलेले डोळे. फक्त मिटण्याआधी ते डोळे आता पोत्याकडे न बघता माणसाकडे बघायचे. ह्याचं घर पत्र्याचं की स्लॅबचं? पत्रा गळतो का? मी मूठ उचलली तेव्हा ह्यानं नजर का चुकवली? पोतं कुठं ठेवलं होतं विचारलं, तर उत्तराला एवढा वेळ का? करडीचा वास येईना, तेव्हा आप्पा माणसं हुंगायला लागले. आणि माणसं अशी रोज हुंगायला लागलं की त्यात स्वच्छ कुणीच निघत नाही.

चुका तर व्हायच्याच. गेल्या उन्हाळ्यात कडूबाई आली होती. मेंढरांमागे जन्म गेलेली धनगराची म्हातारी, वावराच्या तुकड्यात घरापुरती करडी करायची. तिचं घर पत्र्याचं, पत्र्याला भोकं. आप्पांनी मूठ नाकाशी नेली आणि चारचौघांदेखत मान हलवली. कडूबाई भांडली नाही. तिनं स्वतः एक चिमूट चुरडून हुंगली, आप्पांच्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि अर्धं पोतं डोक्यावर घेऊन दुसरा घाणा गाठायला सेलूच्या रस्त्याला लागली. तिचं ते बघणं आप्पांना पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं.

अशात यंदाच्या जानेवारीत पोरगी आली.

शिवरंजनी ही आप्पांची एकुलती एक लेक. घरात तिला रंजनी म्हणायचे. इंजिनीअर झाली, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या चाकणच्या एका कंपनीत लागली, तेव्हा आप्पांनी गावात पेढे वाटले होते. त्याला चौदा महिने झाले होते. ती दोन बॅगा आणि एक बादली घेऊन एसटीतून उतरली. सुट्टीला आलेलं माणूस बादली आणत नाही, हे आप्पांच्या लगेच लक्षात आलं.

“किती दिवस हाईस?” त्यांनी विचारलं.

“नोकरी सोडली, आप्पा. आता घाण्यावर बसणार.”

तिची आई शिवम्मा पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

“सोडली का सोडायला लावली?”

“सोडली.”

“कामून?”

“घरचा धंदा हाय. मला करायचाय.”

आप्पांनी मान डोलावली आणि एका अक्षरावरही विश्वास ठेवला नाही. कंपनीनं काढलं असणार. नाही तर काही लफडं. पोरगी आपल्या तोंडानं सांगायची नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शिवम्माच्या फोनमधून अर्पिताचा नंबर उतरवून घेतला. अर्पिता म्हणजे पुण्याला रंजनीबरोबर एका खोलीत राहणारी मैत्रीण.

“बाळा, खरं सांग. रंजनीला कंपनीनं काढलं का?”

“नाही हो काका! उलट साहेब म्हणत होते, थांब, बढती देतो. तीच थांबली नाही.”

“मग दुसरं काई... म्हंजी कुनी...”

“तसलंही काही नाही.” अर्पिता जरा थांबली. “काका, तुम्ही तिलाच विचारा ना.”

त्या थांबण्यात काय दडलंय, ह्यावर आप्पा संध्याकाळपर्यंत विचार करत बसले. बढती मिळत असताना सोडली, म्हणजे प्रकरण दिसतं त्याहून मोठं होतं. पारावर तर तोवर तीन कारणं तयार झाली होती, त्यातलं एक नवऱ्यासकट.

कंपनीत रंजनीचं काम मालाच्या तपासणीचं होतं. “दिवसभर एकेक भाग हातात घ्यायचा, मोजायचा, बसत नसला की लाल खोक्यात टाकायचा,” असं ती आईला सांगत होती. ओसरीवर बसलेल्या आप्पांनी कान टवकारले. पास-नापास करणारं माणूस घरात आलंय. नापास कुणाला करायला आलंय?

दुपारी आप्पा जेवून आडवे झाले की रंजनी घाण्यामागच्या खोलीत जायची. डबे हलवल्याचे आवाज यायचे. एकदा आप्पा चपला न घालता गेले आणि दाराआडून बघून आले. पोरगी रिकामे डबे उपडे करत होती, कोपऱ्यातली पोती सरकवून त्यांच्यामागे हात घालत होती. काय शोधायली ही? घराचे कागद? आप्पांनी त्याच दिवशी घराचे कागद कपाटातून काढून देवघरात नेऊन ठेवले. पंधरा दिवसांनी तिची शोधाशोध थांबली आणि ती एकाएकी मायेनं वागायला लागली. चहाचा कप हातात आणून द्यायला लागली, चपला पायाशी सरकवायला लागली. शोधाशोध एक वेळ परवडली, ह्या मायेनं आप्पांचा जीव टांगणीला लागला.

मार्चमध्ये करडी निघाली आणि घाणा जोरात सुरू झाला. यंदा अवकाळीनं दोनदा झोडपलं होतं. कुणाची रास रानात भिजली, कुणाची अंगणात. आप्पा उखळापाशी, रंजनी मोटारीपाशी, अशी कामं वाटली गेली. आप्पा ‘घाल’ म्हणाले की तिनं खटका दाबायचा आणि मग गिऱ्हाइकानं करडी ओतायची. पण अधूनमधून खटका वाजायचाच नाही. त्याऐवजी आवाज यायचा, “आप्पा, पट्टा सैल झालाय.”

मोटारीवरून घाण्याच्या चाकावर गेलेला हा पट्टा. तो सैल पडला की घाणा फिरत नाही. आप्पा बघायला येईपर्यंत पट्टा खरंच लोंबत असायचा. मग गिऱ्हाइकाला सांगायचं, पोतं घेऊन जा, उद्या या. एकदा झालं, दोनदा झालं. एप्रिल अर्धा जाईपर्यंत सात वेळा झालं. एवढ्या वर्षांत ज्या पट्ट्यानं कधी तक्रार केली नाही, तो घरात इंजिनीअर आल्याबरोबर सुटायला लागला होता.

“चार वर्षं कालेजात काय शिकलीस मग?” आप्पा म्हणायचे. रंजनी खाली मान घालून पाना फिरवत बसायची.

पुढे एका दुपारी तिच्या फोनवर कसल्याशा चकचकीत यंत्राचं चित्र त्यांना ओझरतं दिसलं. दोन दिवसांनी तिच्या खाटेखाली कुरिअरनं आलेलं खोकं दिसलं, उघडून पुन्हा चिकटपट्टीनं बंद केलेलं. तेव्हा आप्पांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिला लाकडी घाणा मोडीत काढायचाय! आधी बिघाड करायचे, गिऱ्हाईक कंटाळवायचं, आणि मग म्हणायचं, आप्पा, नवीन यंत्र आणू. कंपनीत हेच तर शिकवत असतील.

एकच गोष्ट ह्यात बसत नव्हती. गिऱ्हाईक कंटाळत नव्हतं. उलट किराणा दुकानवाला सिताराम एकदा रस्त्यात थांबून म्हणाला, “आप्पा, हल्ली लय मोठ्या मनाचे झालाव तुमी.”

“म्हंजी?”

“ऱ्हाऊ द्या. आमाला कळत न्हाई व्हय?” असं म्हणून हसत निघून गेला. गाव उगीच चांगलं बोलायला लागलं म्हणजे मागे काहीतरी शिजत असणार, अशी आप्पांची खात्री झाली.

त्या रात्रीच्या जेवणात त्यांनी शिवम्माच्या कानावर घातलं. “तुजी लेक घाणा मोडायलीय.”

“आवं, काईतरीच! मोडायचा आसता तर नौकरी कशाला सोडली आसती?” शिवम्मा म्हणाली. “भाजी कशी झाली?”

“झकास.”

शिवम्मानं त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि ताट उचललं. हिच्याही मनात काहीतरी आहे, हे आप्पांनी ध्यानात ठेवलं.

चोर मुद्देमालासकट धरायचा, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून ते घाण्यावर गेले, पट्टा ताणून बसवला, मोटारीच्या बैठकीचे चारही नट आवळले आणि पाना कमरेला खोचला. खूण करायला खडू सापडेना. देवघरातली विभूतीची वडी आणली आणि प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत एकेक रेघ ओढली. नट जरा हलला की रेघ तुटणार. “देवा, माफ कर,” ते म्हणाले, “पन पोरगी बग कशी वागायलीय.”

नेमके त्या दिवशी माणिकराव आले. गावातले मोठे बागायतदार. लेक दीपालीचं लग्न जवळ आलेलं, लग्नाला घरचंच तेल हवं म्हणून ट्रॉलीत पाच पोती घेऊन आले. आधीच चार-पाच गिऱ्हाइकं बसलेली होती, पण माणिकरावांना सगळ्यांनी वाट दिली. त्यांचं घर दोन मजली, स्लॅबचं. आप्पांनी पोतं उघडायच्या आधीच मनात पास केलं होतं. तरी रीत म्हणून मूठ घेतली, चुरडली, नाकाशी नेली. रंजनी पोत्याच्या तोंडाशी येऊन मोटारीकडे गेली, हे त्यांनी अर्धवट मिटल्या डोळ्यांनी टिपलं.

“घाल,” आप्पा म्हणाले.

खटका वाजला नाही.

“आप्पा,” रंजनी पाना शोधत म्हणाली, “पट्टा सैल झालाय.”

आप्पा ताडकन तिथं गेले आणि वाकले. चारही रेघा जशाच्या तशा होत्या.

“खोटं!” ते ओरडले. “पट्टा ताठ हाय. सकाळी मीच बसीवलाय. बगा माणिकराव, ही माजी लेक. इंजिनेर! बापाचा घाणा बंद पाडायला पुण्याहून आलीय!”

बसलेली माणसं उठून उभी राहिली. रंजनीच्या तोंडावरचा रंग उडाला.

“आप्पा, आत चला. मी सांगते तुमाला.”

“हितंच सांग. सगळ्यांम्होरं सांग.”

तिनं सगळ्यांकडे बघितलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. “पाया पडते तुमच्या,” ती हळूच म्हणाली. “चालू नका करू.”

आता आप्पांना कशाचीच शंका उरली नाही. त्यांनी तिला हातानं बाजूला सारलं, माणिकरावांचं पोतं कलतं करून करडी स्वतः उखळात ओतली आणि खटका दाबला. घाणा कुरकुरत फिरायला लागला. लाट, म्हणजे उखळातला जाड लाकडी दांडा, दाण्यांवर बसली, करडी भरडली, रगडून रगडून गरम झाली. आप्पा उखळावर वाकून, कमरेवर हात ठेवून उभे होते. चार वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. फिरतोय ना? मग?

पहिल्यांदा दाराशी उभ्या असलेल्या माणसानं उपरणं नाकाला लावलं. मग त्याच्या शेजारच्यानं. एक बाई तोंडावर पदर दाबून बाहेर गेली. माणिकरावांनी खिशातून रुमाल काढला. सगळे आप्पांकडे बघत होते.

“काय झालं?” आप्पांनी विचारलं. “कामून असं बघायलाव?”

विचारलं आणि त्यांना कळलं. प्रश्न परत गिळता येत नव्हता. रंजनीनं खटका बंद केला.

“आप्पा,” माणिकराव रुमालाआडून म्हणाले, “तुमाला ह्यो वास येत न्हाई व्हय?”

“काका, आप्पांना चार दिवसांपासून सर्दी हाय,” रंजनी घाईनं पुढे झाली, “म्हणून—”

आप्पांनी हात वर केला. पोरीला अजून किती खोटं बोलायला लावायचं?

“सर्दी न्हाई,” ते म्हणाले. “करोनात नाक गेलं माजं. चार वर्सं झाली. चार वर्सं तुमाला सगळ्यांना फसवायलो.”

कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. माणसांनी आपापली पोती मुकाट्यानं उचलली. माणिकराव ट्रॉली भरता भरता पुटपुटले, ताडपत्री फाटलेली होती, आम्हाला वाटलं वाळली असेल. जाताना शरणार्थ म्हणाले, पण आप्पांकडे न बघता. आप्पा उखळाच्या कडेला हात टेकून उभे राहिले. त्यांना लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती. घाणा बुडाला. तोही आपल्याच हातानं.

कुबट उखळ धुवायला तीन दिवस लागतात. आधी कढत पाणी, मग कोंडा घालून कोरडा घाणा फिरवायचा, तो कोंडा फेकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. बाप-लेक दोघं कामाला लागले. दर फेरीला रंजनी कोंड्याची मूठ हुंगायची आणि म्हणायची, “अजून हाय.” दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांनी विचारलं,

“कवा कळलं तुला?”

“दिवाळीत तुमी तेलाचा डबा पाठवला होता ना? उघडला तर अर्पिता म्हणाली, खाटेखाली उंदीर मेलाय का बघ.”

आप्पा उखळातला कोंडा उकरत राहिले.

“माझे आप्पा असलं तेल पाठवणार न्हाईत,” रंजनी म्हणाली. “मग दोनच गोष्टी राहिल्या. एक तर आप्पांचं इमान गेलं, न्हाई तर नाक गेलं. मी आधी इमान तपासलं. पंधरा दिवस मागच्या खोलीत पामतेलाचे डबे शोधले.”

“बापावर शक केलास?”

“तुमचीच लेक हाय.”

आप्पांना हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले, म्हणून त्यांनी कोंड्याचं टोपलं उचलून बाहेर नेऊन ओतलं. परत आल्यावर विचारलं, “आन पट्टा?”

“सात वेळा सुटला. सातही पोती कुबट होती. संध्याकाळी मी ज्याच्या त्याच्या घरी जायचे. म्हणायचे, आप्पांना वास आलाय, पण चारचौघात पोतं परत केलं तर तुमाला खाली बघावं लागंल, म्हणून बोलले न्हाईत. ही करडी दिव्याच्या तेलापुरती ठेवा.”

सिताराम रस्त्यात का हसला होता, ते आप्पांना आता कळलं. गावात महिना-दीड महिना त्यांचा मोठेपणा पसरत होता आणि ते त्याचा छडा लावत होते.

रंजनीनं खाटेखालचं खोकंही आणलं. बियांमधली ओल मोजायचं हातात मावणारं यंत्र होतं ते. “हे तुमाला गुपचूप देणार होते. तुमचं तुमाला चालवता आलं असतं, मला बोलायचं कामच पडलं नसतं. पण लावून बघितलं. ह्याला ओल कळते, वाळलेल्या करडीतला जुना कुबटपणा कळत न्हाई.”

“आन एवढ्यासाठी नौकरी सोडलीस? बापाच्या नाकापायी?”

“आले त्याच्यासाठी,” रंजनी म्हणाली. “राहिले वेगळ्यासाठी. तिथं दिवसाला आठशे भाग तपासायचे. कोणाच्या गाडीत जायचे, देव जाणे. इथं पोतं परत केलं तर माणूस समोर उभा असतो.”

शिवम्मा चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, “मला तर दूध करपलं तवाच कळलंय. शेगडीपाशीच बसला होताव तुमी.”

“तवा का बोलली न्हाईस?”

“तुमी बोललाव का?” शिवम्मानं कप पुढे केला. “आन परवाची भाजी खाली लागली होती. झकास म्हणलाव.”

चार वर्षं आपण एकट्यानं गुपित राखतोय असं आप्पांना वाटत होतं. प्रत्यक्षात घरच त्यांना राखत होतं. चहा गरम होता, एवढंच त्यांना कळलं. तो त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

तिसऱ्या दिवशी रंजनीनं कोंडा हुंगून मान डोलावली. घाणा स्वच्छ झाला आणि दारात कुणी आलं नाही. चौथ्या दिवशीही नाही, पाचव्याही नाही. सहाव्या दिवशी आप्पांनी टोपी घातली आणि गावाबाहेर कडूबाईच्या मेंढरांच्या वाड्यावर गेले. म्हातारी मेंढरांना पाला टाकत होती.

“कडूबाई, आवंदाची करडी हाय का?”

“हाय की.”

“आन घाण्यावर.”

कडूबाईनं त्यांना पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं. आप्पा लोकांना जसे न्याहाळायचे, अगदी तसं. “मागल्या साली वास येत होता म्हनं. आवंदा येत न्हाई व्हय?”

“मागल्या साली बी नव्हता. मला वास येतच न्हाई. तुजं घर बगून पोतं माघारी धाडलं मी. चुकलो.”

म्हातारीनं उरलेला पाला मेंढरांपुढे टाकला, हात झटकले. “मला ठाव हाय,” ती म्हणाली. “नाक मला बी हाय. बगते उद्या.”

येईल की नाही, हे तिच्या तोंडावरून आप्पांना ओळखता आलं नाही. माणसं ओळखण्याची त्यांची सगळी विद्या तिथं कमी पडली.

ती आली. सकाळी अर्धं पोतं डोक्यावर घेऊन आली, आणि आता काय होतंय ते बघायला तिच्यामागे सिताराम आणि आणखी दोघं आले. पोत्याचं तोंड सोडलं. आप्पांनी मूठ घेतली, अंगठ्यानं चुरडली. हात सवयीनं नाकाकडे निघाला, मध्येच थांबला आणि रंजनीकडे वळला.

“घे.”

“पोरीला काय कळतंय ह्यातलं?” कडूबाई म्हणाली.

“मला चार वर्सं काई कळत नव्हतं, तरी चाललंच की. बगू दे तिला.”

रंजनीनं बापाच्या तळहातावर मान वाकवली आणि डोळे मिटले. तिला बराच वेळ लागला. शेवटी आप्पांनाच राहवलं नाही, त्यांनी हळूच विचारलं, “कसा हाय?”

“मी घाण्यावर झोपले की तुमी मला खांद्यावर टाकून घरी न्यायचाव ना,” रंजनी डोळे मिटूनच म्हणाली. “तवा तुमच्या सदऱ्याला यायचा. तसा हाय.”

आप्पांनी सवयीप्रमाणे तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. लपवलेलं काही दिसलं नाही.

“आगं मग सांग की,” कडूबाई म्हणाली, “घालू का माघारी नेऊ?”

सगळे आप्पांकडे बघायला लागले. आप्पांनी रंजनीकडे बघितलं.

“घाला,” शिवरंजनी म्हणाली, आणि आप्पा खटका दाबायला मोटारीकडे गेले.